अडीचशे किलोचा ओंडका आणि साडेतीन टनांचा झटका

तौक्ते वादळ आठवतंय ना, मे २०२१ चं? १५-१६ मेला गोव्यात जो काय धुमाकूळ झाला, झाडं पडली, खांब वाकले, आमच्याकडे सत्तरीत तर किती दिवस लाईट नव्हती. त्याच वादळात मामाच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, जुना फणस आडवा झाला, आणि तो पडला तो नेमका व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या अंगाला. जांभ्याचा एक उंचवटा आहे तिथे, खाली आठेक मीटरवर व्हाळाचा तळ, अलीकडे रस्ता, पलीकडे पोफळी. ट्रॅक्टर जायची सोय नाही, आणि पाऊस तोंडावर. फणसाचं लाकूड सोडून द्यायची मामाची तयारी नव्हती, आजोबांनी लावलेलं झाड ते, त्याच्या फळ्या करून देवघराचं दार करायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मग तार बांधायचं ठरलं. एका ठेकेदाराकडून १२ मिलिमीटरची वायर रोप आणली, १२० मीटरचा गाळा (म्हणजे दोन टोकांमधलं अंतर), एका टोकाला किंदळाचं जाड झाड, दुसऱ्या टोकाला रस्त्याकडचा मोठा आंबा. तारेवर पुली, पुलीला आखूड साखळी, साखळीला ओंडका, आणि हाताच्या विंचने रस्त्याकडे ओढायचा. फणसाचे दोन-दोन मीटरचे तुकडे केले होते, एकेक साधारण २५० किलोचा. ठेकेदार म्हणाला तार आठ टनांची आहे, अडीचशे किलो म्हणजे काहीच नाही. मी पण मान डोलावली, इंजिनिअर असून.

पहिला तुकडा उंचवट्याच्या कडेवर होता, जवळपास गाळ्याच्या मध्यावर. साखळी लावली आणि पहारीने त्याला कडेवरून ढकलला. तो सुटला, तार अशी खाली गेली की काय सांगू, मग वर आली, परत खाली, पुली तारेवर नाचायला लागली आणि आंब्याकडच्या टोकाला कट्ट असा आवाज आला. जाऊन बघितलं तर बुलडॉग क्लिपमधून, म्हणजे तारेचं वळवलेलं टोक आवळून धरणाऱ्या क्लिपमधून, तार अर्धा फूट सरकलेली. कुणाला लागलं नाही. पण अजून थोडी सरकली असती तर... त्या टोकापाशी मामा उभा होता.

संध्याकाळी मामाने साधा प्रश्न विचारला, बाबू, आठ टनांच्या तारेला अडीचशे किलो जड कसे झाले रे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, मला ते शोधायला बरेच महिने लागले आणि त्यातून लाकूडतोडीच्या केबलचं एक अख्खं शास्त्र कळलं, जे मला फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं शिकून माहीत नव्हतं.

आधी सोपा भाग, स्थिर ताण. आडव्या बांधलेल्या तारेवर मध्यभागी वजन टांगलं की ते वजन तारेच्या तिरपेपणाने पेललं जातं. तार जितकी सरळ, तितका तिरपेपणा कमी, म्हणून ताण जास्त. तार एकदम सपाट ठेवून काहीही पेलायचं म्हटलं तर अनंत ताण लागेल, ते शक्यच नाही. लाकूडतोडवाले याला गाळ्याच्या टक्क्यांत मोजतात, म्हणजे मध्यावर तार किती खाली आली भागिले गाळा. डोंगरउतारावरची खरी मोठी स्कायलाईन (लाकूड टांगून न्यायची ताणलेली तार) घ्या, ३०० मीटरचा गाळा, २० मिलिमीटरची तार, दोन टनांचा लोड. तार मध्यावर १५ मीटर म्हणजे ५ टक्के खाली येऊ दिली तर ताण साडेअकरा टनांच्या आसपास जातो. ३० मीटर, म्हणजे १० टक्के येऊ दिली तर पावणेसहा. असल्या तारेची तुटायची ताकद साधारण २५ टन, आणि कामाचा ताण त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको असा नियम, म्हणजे आठ-सव्वाआठ टन. आता बघा, घट्ट बांधलेली तार नियमात बसत नाही आणि सैल बांधलेली बसते! आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं असतं. मामाच्या पण, ठेकेदाराच्या पण. तार घट्ट म्हणजे काम पक्कं. कपडे वाळत घालायच्या दोरीपासून आपण हेच शिकत आलोय.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लोक हा हिशोब कसा करायचे माहितीये? फळीवर डोंगराचा उभा छेद काढायचा, त्यावर बारीक साखळी लटकवायची आणि बघायचं ती जमिनीला कुठे टेकते, लोड किती चालेल. मी हे आईच्या गळ्यातल्या चेनने पुठ्ठ्यावर करून बघितलं, मामाच्या व्हाळाचा छेद काढून. चेन लटकली की जी वक्ररेषा होते तिचं गणित १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली या तिघांनी वेगवेगळं सोडवलं, त्याच्या आधी गॅलिलिओला पण वाटायचं की तो पॅराबोलाच असावा. आपल्यासारख्या ताणलेल्या तारेला पॅराबोला चालतो म्हणा, फरक नगण्य पडतो.

हे सगळं माहीत झाल्यावर मामाच्या तारेचा हिशोब मांडला. तारेचं वजन मीटरला अर्धा किलोच्या किंचित वर. रिकामी असताना मध्यावर दीड मीटर खाली होती, म्हणजे ताण साधारण ६३० किलो. २५० किलो मध्यावर टांगले की तार लांबते, मध्य साडेचार मीटर खाली येतो आणि ताण १,८७० किलो होतो. आठ टनांपुढे हे काहीच नाही, चौपटीपेक्षा जास्त सेफ्टी. म्हणजे स्थिर हिशोबाने ठेकेदार बरोबर होता. मग क्लिप सरकली का?

इथून खरा विषय सुरू होतो.

ओंडका कडेवर होता तेव्हा त्याचं वजन जमीन पेलत होती. पहारीने ढकलला आणि एका क्षणात ते सगळं तारेवर आलं. तार साडेचार मीटरवर जाऊन थांबत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत ओंडक्याने वेग घेतलेला असतो, तो पुढे जातोच. शाळेत स्प्रिंगचं उदाहरण असतं, वजन एकदम सोडलं की ताण दुप्पट होतो. पण ती सरळ वागणारी स्प्रिंग. लटकलेली तार तशी नाही, ती सुरुवातीला मऊ असते, नुसता झोळ (मध्यावरची लटक) सरळ होत असतो, आणि खाली जाईल तशी कडक होत जाते. ऊर्जेचा हिशोब वहीवर केला तेव्हा उत्तर आलं, मध्य ६.६ मीटरपर्यंत खाली आणि ताण साडेतीन टन. तारेला ओंडका त्या क्षणी ७०० किलोच्या वर लागत होता! सेफ्टी सव्वाचारवरून अडीचच्या खाली, आणि हे फक्त तारेचं, क्लिपचं नाही.

क्लिपचं आता सांगतोच, कारण यात जीव जातो. बुलडॉग क्लिपला एक यू आकाराचा बोल्ट असतो आणि एक खोबणीवाला पाया. पाया नेहमी ताण घेणाऱ्या तारेवर बसवायचा, यू बोल्ट परत वळवलेल्या शेपटीवर. नीट बसवल्या तरी तारेच्या ताकदीच्या ८० टक्केच मिळते, उलट्या बसवल्या तर यू बोल्ट ताण घेणारी तारच चेंगरतो आणि पकड पण जाते. आमच्याकडे तीनपैकी दोन उलट्या होत्या. फोटो होता म्हणून नंतर कळलं. आणि ताण आल्यावर नट परत आवळायचे असतात, कारण तार ताणली की बारीक होते, ते पण कुणी केलं नव्हतं.

तर आता कॉम्प्युटरवरचं मॉडेल. वहीवरच्या हिशोबाने ताणाचं शिखर कळलं पण मधल्या सेकंदांत काय होतं ते कळत नव्हतं, आणि मला ते बघायचंच होतं. पायथॉनमध्ये लिहायला घेतलं. कल्पना अगदी साधी, तारेचे ६० तुकडे करायचे, दोन-दोन मीटरचे, प्रत्येक सांध्यावर तेवढ्या तुकड्याचं वजन गोळा करून ठेवायचं आणि सांधे एकमेकांना स्प्रिंगने जोडायचे. प्रत्येक सांध्याला न्यूटनचा नियम लावायचा आणि वेळ थोडी-थोडी पुढे सरकवायची. केबलचं काम करणारे लोक दुसऱ्या पद्धती पण वापरतात पण समजायला हीच सगळ्यात सोपी वाटली मला.

अडचणी तीन आल्या. पहिली म्हणजे वेळेची पायरी. तारेत दोन प्रकारच्या लाटा जातात, आडवी हेलकाव्याची लाट जी डोळ्याला दिसते, मामाच्या तारेत सेकंदाला ११० मीटरच्या आसपास, आणि लांबीच्या दिशेने ताणाची लाट जी दिसत नाही पण सेकंदाला तीन हजार मीटरच्या वर जाते. गणिताला त्या न दिसणाऱ्या लाटेच्या मागे धावावं लागतं, दोन मीटरचा तुकडा ती ०.६५ मिलिसेकंदात पार करते, पायरी त्यापेक्षा मोठी घेतली की उत्तरं फुटून आकाशात जातात. हा नियम १९२८ सालचा आहे, कूरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी या तिघांचा. मी ०.२ मिलिसेकंद घेतली, म्हणजे २० सेकंदांच्या नाटकाला एक लाख पायऱ्या.

दुसरी, तार ढकलू शकत नाही. स्प्रिंग दाबली की उलटं ढकलते, तार नुसती सैल पडते. ही अट घातली नाही तर मॉडेल दिसायला छान आणि वागायला खोटं. खऱ्या लाकूडतोडीत हेच सगळ्यात घातक असतं, ओंडका बुंध्याला अडकतो, विंच ओढत राहतो, अचानक सुटतो, तार क्षणभर सैल पडते आणि मग फट्कन ताणली जाते. तो झटका साध्या दुप्पट-तिप्पटच्या हिशोबात बसत नाही.

तिसरी, डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे हळूहळू शमवणारी घट. पहिल्यांदा मी जास्त घातलं, ग्राफ कसा गुळगुळीत आला, आणि शिखर पण पुसलं गेलं! म्हणजे नेमकी जी गोष्ट शोधतोय तीच. वायर रोपमध्ये तारा एकमेकींवर घासतात त्यातून थोडी ऊर्जा जाते, पण थोडीच, त्या दिवशी तार कितीतरी वेळ हलत होती ते मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून मी आधी डॅम्पिंग शून्य ठेवून बघायचो की एकूण ऊर्जा कायम राहते का, राहिली तरच पुढे. ही सवय लावून घ्या, कुणी असलं मॉडेल करत असाल तर.

मॉडेलने शिखर साडेतीन टनांच्या आसपासच दाखवलं, वहीशी जुळलं. त्या दिवशी रात्री दोन वाजता मला जो आनंद झाला ना.

पण खरी तार आणि मॉडेल जुळतात का ते बघायला मोजायला हवं, आणि आमच्याकडे लोडसेल (ताण मोजायचं यंत्र) वगैरे काही नाही. इथे एक सुंदर गोष्ट सापडली जी वीजवाहिन्या ओढणारे लोक कधीपासून वापरतात. तारेच्या एका टोकाजवळ दांड्याने फटका मारायचा, लाट पलीकडे जाऊन परत येते, हात तारेवर ठेवला की टुक करून कळतं. एका फेरीला लागलेले सेकंद, त्यांचा वर्ग, गुणिले ०.३०७, की झाला मध्यावरचा झोळ मीटरमध्ये. गाळा किती, तार किती जाड, वजन किती, काहीही माहीत असायची गरज नाही! कारण लाटेचा वेग आणि झोळ दोन्ही ताण भागिले वजन यावरच ठरतात, बाकी सगळं कटून जातं. मला हे इतकं आवडलं की मी घरी आल्यागेल्याला सांगत सुटलो होतो. तंबोरा लावताना आपण तेच करतो की, ताण बदलला की सूर बदलतो, फक्त ही तार १२० मीटरची आणि तिचा सूर कानाला ऐकू न येणारा. पणजीच्या अटल सेतूसारख्या पुलांच्या केबलचा ताण पण कंपनावरून काढायची पद्धत जगभर आहे.

मामाच्या तारेवर तीन फेऱ्यांना ६.६ सेकंद लागले, म्हणजे फेरीला २.२, झोळ १.४८ मीटर. मामाने बांबू उभा करून मोजला, दीडच भरला.

आणि मग एक गोष्ट जुळेना. तार मध्यावर धरून वर-खाली झुलवली तर एका झोक्याला २.२ सेकंद लागायला हवेत, तंबोऱ्याच्या तारेचं गणित तसंच सांगतं. लागत होते १.७. दहा वेळा मोजलं. मॉडेल पण १.७ च म्हणत होतं. माझ्या मोबाईलचं घड्याळ चुकीचं नाही, मॉडेल चुकीचं नाही, मग? उत्तर १९७४ च्या एका कामात मिळालं, कॅलटेकमध्ये अर्विनने आपल्या सहलेखकासोबत लटकलेल्या तारेच्या कंपनांचं गणित मांडलं होतं. झोळ असलेली तार पूर्ण एकत्र वर-खाली झाली की तिची लांबी बदलावी लागते, म्हणजे ती ताणली जाते, म्हणून जास्त कडक वागते आणि झोका लवकर पूर्ण होतो. अर्धी वर अर्धी खाली अशी हलली तर लांबी जवळपास तीच राहते, तिथे तंबोऱ्याचंच गणित चालतं. किती फरक पडेल ते एका आकड्यावर ठरतं, त्याला आता अर्विन पॅरामीटर म्हणतात, झोळ आणि तारेची लवचिकता यांचं ते प्रमाण. मामाच्या तारेचा आला आठच्या आसपास, आणि त्याने झोका २.२ वरून १.७ वर येतो. मला वाटतं या पूर्ण विषयातली सगळ्यात देखणी जागा हीच आहे, मोठ्या स्कायलाईनवर तर लोड पुढे-मागे सरकेल तसे हे सगळे झोके बदलत जातात, म्हणून तिथलं मॉडेल इतकं अवघड.

आता उपाय. मला वाटलं होतं तार सैल बांधली की काम झालं. मॉडेलमध्ये रिकाम्या तारेचा झोळ दीडचा तीन मीटर केला. स्थिर ताण १,८७० चा १,५५० वर आला, पण झटक्याचं शिखर साडेतीन टनांवरून तीन टनांच्या किंचित वर, एवढंच. फायदा आहे पण मला अपेक्षा होती त्यापेक्षा बराच कमी. मग ओंडका एकदम न सोडता हळूहळू सोडून बघितला. लोडसकट तारेचा झोका २.७ सेकंदांचा आहे, वजन तारेवर यायला पाच-सहा सेकंद घेतले की शिखर जवळपास स्थिर ताणावरच येऊन बसतं. पाच-सहा सेकंद फक्त! एक चेन ब्लॉक (साखळीने वजन हळूहळू वर-खाली करायची पुली) कडेवर अडकवायचा आणि त्याने ओंडका उतरवायचा, पैसे जवळजवळ नाहीत, तार तीच, झाडं तीच.

मोठ्या कामांत ऊर्जेचा आकडा बघितला तर हे का महत्त्वाचं ते कळतं. त्या ३०० मीटरच्या तारेत साडेअकरा टनांच्या ताणाला साठलेली ऊर्जा एक टनाची गाडी ताशी ५० किलोमीटरने धावते तेवढी असते. तुटली की ती सगळी तारेच्या टोकात. म्हणून ताणलेल्या तारेच्या रेषेत आणि तिच्या वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. मामाला मी आता उभाच राहू देत नाही तिथे.

कुणी म्हणेल गोव्यात कुठे असली लाकूडतोड. मोठ्या प्रमाणावर नाहीच, आणि नको पण, खाजगी जमिनीतलं झाड तोडायला सुद्धा १९८४ च्या कायद्याने परवानगी लागते आणि ते बरोबरच आहे. पण दरवर्षी पावसात उतारावर झाडं पडतात, जुने अकेशियाचे प्लांटेशन आहेत, आणि ती लाकडं काढायला जेसीबीने डोंगर खरवडून रस्ता केला की पुढच्या पावसात ती माती व्हाळात. तारेने काढलं तर ओंडका हवेतून जातो, जमिनीला हात लागत नाही. डोंगरी भागात दोराने लाकूड उतरवणं आपल्या पश्चिम घाटाला नवीन पण नाही, केरळात परंबिकुलमच्या जंगलातून सागवान खाली चालकुडीला आणायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रामवे बांधली होती, तीव्र उतारांवर भरलेले डबे दोरावर खाली येत आणि त्यांच्याच वजनाने रिकामे वर जात. लोखंडी वायर रोप तर १८३४ ची, जर्मनीतल्या हार्ट्झच्या खाणींमधली, आणि लाकूड ओढायचं वाफेचं विंच १८८१ चं, कॅलिफोर्नियातल्या डॉल्बीअरचं. हत्यारं जुनी आहेत, झटक्याचं गणित मात्र कामावरच्या माणसापर्यंत पोचलेलं नाही, निदान आमच्याकडे तरी.

फणसाचे बाकीचे सात तुकडे आम्ही चेन ब्लॉकने उतरवले, क्लिप सरळ करून, वळणात थिंबल (तार चेंगरू नये म्हणून घालायची धातूची खोबण) घालून. मामा मोठ्याने एक-दोन-तीन मोजायचा, सहापर्यंत, आणि मगच चेन पूर्ण सोडायची. तार फक्त जरा झुलायची. देवघराचं दार झालंय.

तार मामाने काढली नाही, आता तीवरून नारळ आणि सुपारीची पोती येतात. रोज सकाळी सातला तो दांड्याने फटका मारतो आणि तीन फेऱ्या मोजतो. सातलाच, कारण १० अंश तापमान वाढलं की १२० मीटरची तार १४ मिलिमीटर लांबते आणि दुपारचा आकडा सकाळशी जुळत नाही, हे त्याचं त्यालाच लक्षात आलं, मी सांगितलं नव्हतं. घरात आता विचारायची पद्धतच झालीये, "तार कितें सांगता?", म्हणजे तार काय सांगतेय? इतके महिने ६.६, ६.७ चालू होतं. परवा फोन आला, बाबू, आज ७.१ रे. म्हणजे झोळ १.७२, ताण ६३० वरून साडेपाचशेच्या खाली. एका रात्रीत तापमानाने एवढं होत नाही. मी म्हटलं आधी आंब्याकडच्या क्लिपचे नट बघ, मग किंदळाच्या मुळाशी माती फाटलीये का बघ, पोती चढवू नको, शनिवारी येतो.